हस्तमैथुनाची धास्ती

रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, या समजुतीपायीं हस्तमैथुन करणारे अनेक तरुण क्षयाच्या व वेडाच्या धास्तीनें खंगत असत. मुंबईस १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं ही धास्ती निराधार ठरविली. वाचकांच्या अशा प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडूनहि दंड चुकला नाहीं. वैद्यकशास्त्राचा निर्वाळा मात्र कर्व्यांच्याच बाजूचा आहे. शुक्रबीजें वृषणांत अखंड निपजतात. रक्त घटत नाहीं, वेड लागत नाहीं. अतिघर्षणानें त्वचा सोलवटते, तेवढें जपावें. नित्याच्या कामांत व्यत्यय येऊं लागल्यास डॉक्टरांस विचारावें. जाहिरातबाज भोंदू वैद्याकडे जाऊं नये. त्याचा धंदा याच धास्तीवर चालतो.