हवालदाराने बाहेर थांबावे



एका निवृत्त सरकारी डॉक्टराला या परिषदेचे अध्यक्षपद देऊन आपण जो बहुमान केला, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणाऱ्या या भोपाळ शहरात वकील, डॉक्टर आणि समाजसेवक यांना एका मांडवाखाली आणण्याचे श्रेय कार्यवाहांचे. पोलिसी अत्याचारांतून वाचलेल्यांना मिळालेल्या न्यायाचा आणि त्यांच्या पुनर्वसनाचा आढावा मी घ्यावा, अशी त्यांची आज्ञा आहे. ती थोडक्यात पाळतो आणि उरलेला वेळ, नोकरीत असताना जे बोलण्याची मुभा नव्हती, त्यासाठी मागून घेतो.

गुन्हेगार जमाती कायद्याने १८७१ पासून पारध्यांसारख्या जमातींमागे लावलेला ससेमिरा १९५२ मध्ये कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला; ठाण्याच्या दप्तरातून मात्र तो अद्याप गेलेला नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलीस सोडून दिले, आणि चार विधिप्राध्यापकांच्या खुल्या पत्राने पेटलेल्या चळवळीतून १९८३ ची कायदादुरुस्ती आली. आपल्याच मध्य प्रदेशातील रामपुरा ठाण्यात १९८१ साली झालेल्या एका कोठडीमृत्यूचा अंतिम निकाल लागायला १९९५ उजाडले. कोठडीतल्या गुन्ह्याला पोलिसांखेरीज साक्षीदार क्वचितच मिळतो आणि तो बंधुभावापोटी मौन धरतो, असे न्यायमूर्तींनी त्या निकालात बजावले. पुढे १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाची अटकेविषयीची नियमावली आली. १९९७ मध्ये भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, पण त्याला मान्यता देणे आजतागायत राहून गेले आहे.

आढावा येथे संपवतो, कारण रामपुऱ्याच्या निकालातील त्या वाक्याला मला एक पुरवणी जोडायची आहे. कोठडीला साक्षीदार नसतो हे खरे. परंतु कायदा स्वतःच एक साक्षीदार तिथे नेमून देतो, दर अठ्ठेचाळीस तासांनी अटकेतल्या माणसाला त्याच्यासमोर उभे करण्याचा हुकूम सोडतो, आणि तो साक्षीदार म्हणजे आपण, डॉक्टर. असे असता, ज्या माणसाला मारहाण झाली असण्याचा संभव आहे त्याची तपासणी, ज्याने ती केली असण्याचा संभव आहे त्याच्या देखत, बेडीची दोरी त्याच्या हातात असताना उरकायची आणि खाली ‘बाह्य इजा आढळली नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे, ही जी रीत आपल्या व्यवसायात निर्वेधपणे चालत आली आहे, तिच्याविरुद्ध माझी फिर्याद आहे.

मुलजिम पळून जाईल, डॉक्टरवर हात टाकील, असे आमचे व्यवसायबंधू सांगतात. एका जिल्हा रुग्णालयात मी नवा असताना हवालदारानेही मला हेच ऐकवले होते. पारधी वस्तीतला एक तरुण त्याने आणला होता. काय झाले विचारता तो भिंतीकडे बघत ‘नहाते में गिर गया’ एवढेच म्हणाला. परंतु खोलीत येताना तो पावलांच्या बाहेरच्या कडांवर तोल सावरत चालला होता, हे मी पाहिले होते. खिडकीला गज आहेत आणि दाराच्या काचेतून तुम्हाला सगळे दिसेल, असे सांगून मी हवालदाराला बाहेर काढले. दार लागल्यावर तो तरुण काही बोलला नाही. बाकावर बसून त्याने दोन्ही पाय वर घेतले आणि तळवे माझ्याकडे केले. वरची कातडी कुठे फुटलेली नव्हती. आतून मात्र तळवे टाचेपर्यंत सुजून काळेनिळे पडले होते. मी लांबी-रुंदीसकट ते लिहून काढले.

काही दिवसांनी त्याचे वडील आले. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. ‘डाक्टर साब, जो लिखा है, पढ़ के सुना दो’, एवढीच त्यांची विनंती होती. सोबत आलेल्या चौघांसमोर मी ते वाचून दाखवले. जीपचा आवाज आला की पोरे रानात पळवणारी ती वस्ती त्यानंतर ताप-खोकल्यासाठीसुद्धा दवाखान्यात येऊ लागली. आधी मनाची मलमपट्टी की आधी न्याय, असा जो वाद काल दिवसभर इथे रंगला, त्याचा निकाल माझ्यापुरता त्या दिवशीच लागला आहे. मार एकाला बसतो आणि दहशत वस्तीला. म्हणून खरे काय ते सरकारी शिक्क्याच्या कागदावर उतरून चारचौघांत वाचले गेल्याखेरीज समुपदेशकांनी कितीही गोड बोलावे, व्यर्थ आहे.

निव्वळ नुकसानभरपाईने हे साधत नाही, हे भोपाळला परक्याने शिकवायला नको. वायुदुर्घटनेबद्दल १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांचा समझोता झाला, आणि आपला श्वास कोंडतो हे सिद्ध करण्यासाठी वायुपीडितांना वर्षानुवर्षे कागद घेऊन रांगेत उभे राहावे लागले. उलट शिकागो नगरपरिषदेने २०१५ मध्ये, पोलीस अधिकारी जॉन बर्ज याच्या हाताखाली छळ झालेल्यांना ५५ लाख डॉलर देताना जाहीर माफी मागितली, उपचारकेंद्राची तरतूद केली आणि तो इतिहास शाळांतून शिकवण्याचे ठरवले. आपल्याकडे गुना जिल्ह्यातील म्याना ठाण्यात २०२४ च्या जुलैमध्ये एक पारधी तरुण, ऐन लग्नाच्या दिवशी पकडलेला, मरण पावला. तपास केंद्रीय यंत्रणेकडे जायला सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ मधला आदेश लागला.

पुढील कामासाठी एक छोटी समिती असावी, तपासणीचा सुधारित नमुना तयार व्हावा, वस्त्यांतून हिंदी-मराठी पत्रके जावीत. तपशील कार्यवाह यथावकाश ठरवतील. मात्र एक ठराव मी आजच मांडतो: तपासणीच्या वेळी पोलिसाने दाराबाहेर, नजरेच्या टप्प्यात पण कानाच्या टप्प्याबाहेर थांबावे, आणि तो न थांबल्यास डॉक्टराने तेही अहवालात लिहावे. ज्यांना हा ठराव मान्य नसेल त्यांनी भोजनोत्तर सत्रात उभे राहून आपला विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवावा. गप्प बसलेल्यांची संमती मी गृहीत धरणार नाही.