गुटी बांधा, पण झाड पाहून

(जानेफळ, ता. मेहकर येथील शेतकऱ्यांच्या बैठकीतील भाषण)



आर्द्रा लागल्या. कपाशी टोबून झाली, ज्वारी-तूर पेरून झाली, डवरणीला अजून चार दिवस आहेत. हवेत ओल आहे, झाडांच्या सालीत रस आहे. गुटी बांधायला वर्षात याहून बरे दिवस नाहीत. म्हणून आज भाव आणि पीककर्ज बाजूला ठेवून घरामागच्या चार झाडांविषयी बोलायचे ठरवले. मागे बसलेली मंडळी हसताहेत. हसा. पण आधी आम्ही कसे फसलो ते ऐका.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या आठ घरांनी मिळून डाळिंबाची कलमे घेतली. आठवडी बाजारात टेम्पो उभा होता. ‘भगवा आहे’ म्हणाला. पावती मागितली तर म्हणाला, ‘झाड हीच पावती.’ ती पावती आम्हाला चौथ्या वर्षी मिळाली. निम्म्या झाडांना लिंबाएवढी आंबट फळे लागली. उरलेल्या झाडांच्या फळांवर तेलकट काळे डाग पडले आणि फळे झाडावरच तडकली. हाच तेल्या. झाडे उपटून जाळावी लागली. कलमांचे पैसे गेले त्याचे एवढे दुःख नाही. पण खड्डे खणले, शेणखत घातले, चार उन्हाळे बायांनी डोक्यावरून हंडे वाहून पाणी घातले, ते कोण भरून देणार? टेम्पोचा नंबरसुद्धा कोणी लिहून ठेवला नव्हता.

तेल्याने सोलापूर-नाशिककडचे मोठमोठे बागाईतदार रडवले आहेत. २००० नंतरच्या दहा वर्षांत तिकडे बागाच्या बागा तोडल्या गेल्या. सोलापूरला २००५ मध्ये डाळिंबासाठी केंद्राचे वेगळे संशोधन केंद्र निघाले. या रोगाचे जिवाणू फांदीत असतात, वरून दिसत नाहीत, आणि गुटीबरोबर मुकाट्याने आपल्या वावरात येतात. म्हणजे आम्ही चार वर्षे रोगाला हंड्याने पाणी घातले.

इथेच गुटी म्हणजे काय ते समजून घ्या. बी लावले की आलेले झाड हे आईबापाचे लेकरू असते. कोणावर जाईल सांगता येत नाही. गुटी हे लेकरू नाही. ते तेच झाड आहे, फक्त दुसऱ्या जागी उभे केलेले. पेरूतला सरदार, ज्याला लखनौ-४९ म्हणतात, त्याचे नाव लखनौचे असले तरी निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली आहे. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून डॉ. चीमांनी ते एक झाड निवडले. डाळिंबातला गणेशही तिथलाच, १९३६ सालची निवड. आज गावोगाव उभे असलेले गणेश हे त्याच एका झाडाच्या फांद्या आहेत. गोडी तशीच येते, सालीचा रंग तसाच येतो, आणि मूळ झाडाला रोग असेल तर रोगही तसाच येतो.

कपाशीत आपले काय झाले ते आठवा. १९७० ला सुरतेचा संकरित-४ आला, २००२ ला बीटी आले, आणि घरची सरकी पेरणे संपले. संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी फाटते, म्हणून दर मृगाला पाकीट विकत घ्यावे लागते. गुटी फाटत नाही. चांगले झाड शेजाऱ्याच्या दारात असेल तर दुकानात जायची गरज नाही. मात्र त्याची फळे तीन हंगाम तुम्ही स्वतः खाल्लेली असावीत, पानांवर-फांद्यांवर डाग नसावेत, आणि ज्या बागेत तेल्या किंवा मर आहे तिथली निरोगी दिसणारी फांदीसुद्धा घेऊ नये. मग ती पाहुण्याची बाग असली तरी नको.

आता बांधायचे कसे. फांदी वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड, उन्हातली घ्यावी. शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली, डोळ्याच्या लगेच खालची बोटभर रुंदीची साल गोल काढावी. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते, मुळांनी ओढलेले पाणी आतल्या लाकडातून वर चढते. साल काढली की पाणी चालू राहते आणि अन्न वरच्या काठाशी अडते. तिथे फुगवटा येतो आणि त्यातूनच मुळे फुटतात.

पहिल्या वर्षी आम्ही पंचवीस गुट्या बांधल्या आणि सहाच लागल्या. पोळ्याला सोडून पाहिले तर बाकीच्या फांद्यांना वरची आणि खालची साल पुन्हा जुळून आली होती. झाड आपली जखम भरून काढत होते आणि आम्ही मुळांची वाट पाहत बसलो होतो. चूक एवढीच झाली की साल काढल्यावर लाकडावर जो ओला, बुळबुळीत थर राहतो तो खरवडला नव्हता. चाकूच्या पाठीने लाकूड कोरडे लागेपर्यंत तो खरवडा. दुसऱ्या वर्षी तेवढे एकच काम नीट केले, तर पंचविसांतल्या एकोणीस लागल्या.

वरच्या काठाला मुळे फुटण्याची पूड लावली तर उत्तम. कृषी केंद्रात मिळते, चिमूटभर पुरते. नसली तरी पेरू-डाळिंबाचे अडत नाही, थोड्या कमी लागतात इतकेच. मग वाळके शेवाळ रात्रभर भिजवून घट्ट पिळावे. मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. जास्त ओल राहिली की आत कुजते. शेवाळ नसेल तर नारळाचा भुसा, तोही नसेल तर बारीक माती आणि मुरलेले शेणखत. मूठभर गोळा जखमेवर बसवायचा, पांढरे पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचे आणि दोन्ही टोकांना सुतळी करकचून बांधायची. वरची गाठ ढिली राहिली तर पावसाचे पाणी आत शिरते. प्लास्टिक येण्याआधी लोक गोणपाटात मातीचा गोळा बांधत आणि वर मडके टांगून सुताच्या वातीने थेंब-थेंब पाणी देत. इंग्रजांच्या काळातल्या बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही याला ‘गूटी’च म्हटले आहे. साहेबाला यासाठी आपल्याकडचाच शब्द घ्यावा लागला!

चाकू प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आणि एका लहान झाडावर आठ-दहांपेक्षा जास्त गुट्या बांधू नका. ज्या फांद्या तुम्ही नेता, त्यांच्यावर यंदाची फळे लागणार होती.

पोळ्याच्या सुमारास प्लास्टिकमधून मुळे दिसतात. पांढरी असताना घाई नको, तांबूस झाली की गोळ्याच्या खाली फांदी अर्धी कापा, आठवड्याने पूर्ण. निम्मी पाने काढा. प्लास्टिक सोडूनच लावा. हे सांगावे लागते, कारण प्लास्टिकसकट पुरलेली गुटी आम्ही आमच्याच गावात पाहिली आहे.

आता कोरडवाहूतली खरी अडचण सांगतो. शाळा-शिबिरांत ती कोणी सांगत नाही. गुटीला सोटमूळ नसते. तिची मुळे वरच्या थरात पसरतात. आम्ही हौसेने धुऱ्यावर, मुरमात, बारा गुट्या लावल्या. दिवाळीपर्यंत टवटवीत होत्या, एप्रिलमध्ये एकही उरली नाही. शेजारची गावठी बोर मात्र हिरवीगार होती. तिला कोणी पाणी दिले नव्हते. तिचे सोटमूळ खोल गेले होते.

म्हणून जागा पाहून पद्धत ठरवा. न्हाणीचे सांडपाणी, विहिरीची थारोळी, कोठ्याजवळची ओल अशा ठिकाणी पेरू, डाळिंब, अंजिराची गुटी लावा. दोन-चार झाडे घरच्या लेकरांना पुरतात. पोळ्याला काढलेली गुटी त्याच वर्षी वावरात नेऊ नका. मोठ्या पिशवीत न्हाणीजवळ सावलीत पहिला उन्हाळा काढू द्या, पुढच्या मृगात जमिनीत लावा. धुऱ्यावर मात्र जागेवरच बी टोबलेले झाड हवे. तिथे गावठी बोर आधीच उभी असेल तर ती उन्हाळ्यात छाटा आणि पावसाळ्यात नव्या फुटीवर उमराण किंवा मेहरूणचे डोळे भरा. खाली आपले सोटमूळ, वर गोड फळ. सीताफळालाही तेच, कलम करायचे तर बियांच्या रोपावर करा. त्याची गुटी फारशी लागत नाही. कागदी लिंबाला तर गुटीचे कारणच नाही. लिंबाच्या एका बीतून दोन-तीन रोपे येतात आणि त्यांतली बहुतेक आईसारखीच निघतात. गुटीचे लिंबू लवकर फळते हे खरे, पण वादळात आडवे होते.

मागच्या खेपेला एका बाईंनी विचारले होते, की ही गुटी विकता येईल का? घरासाठी करायला, शेजाऱ्याशी अदलाबदल करायला कोणाची आडकाठी नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क आपल्याला दिला आहे. विक्रीसाठी फळझाडांची रोपवाटिका चालवायची तर १९६९ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना म्हटला की आपल्या कपाळाला आठी पडते, हे आम्हाला माहीत आहे. पण त्या टेम्पोवाल्याकडे परवाना विचारला असता तर तो आमच्या बाजारात उभा राहिला नसता. तेवढे आम्ही विचारले नाही.

एवढे बोलणे पुरे. या घराच्या मागे पंधरा वर्षांचे पेरूचे झाड आहे. त्याची फळे इथल्या निम्म्या लोकांनी चोरून खाल्ली आहेत, तेव्हा खात्रीचे आहे. शेवाळ सकाळपासून भिजत घातले आहे, चाकू चारच आहेत. बायांनी पुढे यावे, त्यांचा हात हलका असतो. पहिली फांदी आम्ही खरवडून दाखवतो, पुढच्या तुम्ही करा.