चावडी हवीच, पण कामाशेजारी

(स्नेहसंमेलनातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरीतल्या कामाबद्दल बोलायला लागले तर मागची रांग दोन मिनिटांत बटाटेवड्यांकडे वळेल. म्हणून नोकरीबाहेर, विनामोबदला जे करते त्याबद्दल बोलते.

ज्याचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो, त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. ते मराठीत नीट चालावं म्हणून धडपडणारा आमचा पस्तीस-चाळीस जणांचा गट आहे. कुणी दादरला, कुणी नागपूरला, एक जण थेट न्यू जर्सीत. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. मेन्यूतले शब्द मराठीत आणायचे, फॉन्टमधल्या चुका शोधायच्या आणि दुरुस्त करून घ्यायच्या, हे आमचं काम.

बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलेले दोन शब्द आठवा: 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा र. कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये या दुसऱ्या शब्दासाठी खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' वापरावा लागतो. हिंदीला या आडव्या र-ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी समोर ठेवून बनवलेल्या फॉन्टमध्ये किंवा कीबोर्डमध्ये तो सहज राहून जातो. मग आचार्यांचा सत्कार आणि आचाऱ्यांचा सत्कार यांतला फरकच पुसला जातो! परक्या माणसाला हे खटकणार नाही. ज्यांना खटकतं, त्यांनीच पाठपुरावा करायचा. आमचा गट बंद पडला, तर तो पाठपुरावाही थांबेल.

तंत्राचा भाग त्या मानाने सोपा. खरी कसोटी चाळीस माणसं टिकवण्याची, आणि विषयावर टिकवण्याची. असा गट दोन प्रकारे मरतो. एक, शांततेने: कुणी प्रश्न विचारतं, उत्तर येत नाही, आणि पुढचा प्रश्नच येत नाही. दुसरा, गोंगाटाने: शुभ सकाळ, निवडणुका, फॉरवर्ड. कामाची माणसं न भांडता निघून जातात, आणि ती गेल्याचं महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा प्रश्न जुना आहे. इंटरनेटवर पूर्वी यूजनेट नावाची चर्चेची व्यवस्था होती. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि तिथे गोंधळ घालत. जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवत आणि काही आठवड्यांत सगळं स्थिरावे. आपल्या शाळेतल्या जून महिन्यासारखंच. १९९३ च्या सुमारास कंपन्यांनी सर्वसामान्यांसाठी दार उघडलं आणि नव्यांचा ओघ थांबेचना. शिकवणारे थोडे, येणारे अफाट. त्याला नावच पडलं, 'कधीही न संपणारा सप्टेंबर'.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेलं स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं ठिकाण. प्रश्न विषयाबाहेरचा किंवा आधी विचारलेला असेल, तर तो बंद. या शिस्तीमुळे उत्तम उत्तरांचा साठा तयार झाला. पण नवख्यांना तिथे तोंड उघडायची भीती वाटू लागली, आणि २०१८ मध्ये चालवणाऱ्यांनीच ते जाहीरपणे मान्य केलं.

मला पटलेली वाट मराठी विकिपीडियाची. तो १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. तिथे प्रत्येक लेखाला जोडून वेगळं चर्चा पान असतं. वाद घालायचा तो तिथे, लेखात नाही. सगळ्यांनी मिळून बोलायचं जे पान आहे, त्याचं नाव 'चावडी'. बोलायची बंदी नाही, बोलायला जागा ठरवून दिलेली.

आम्हीही तेच केलं. कामाच्या जागी काम, आणि शेजारी एक कट्टा. कट्ट्यावर क्रिकेट, दिवाळी अंक, मुलांच्या ॲडमिशन, सगळं चालतं. कामाच्या जागी गप्पा रंगल्या तर कुणी कुणाला झापत नाही. "चला, कट्ट्यावर," एवढंच लिहितो.

दुसरं, मिटलेला वाद आम्ही लिहून ठेवतो. 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'साठवा', यावर दर सहा महिन्यांनी महाभारत व्हायचं. वारंवार लागणारे असे शब्द भाषेगणिक एकमताने ठरवण्यासाठी २००८ मध्ये फ्युएल नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात मराठीही आहे. ठरलेली यादी दाखवली की वाद पाच मिनिटांत संपतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नव्या माणसाच्या पहिल्या प्रश्नाला एका दिवसात उत्तर मिळालंच पाहिजे. चाळीत गणपतीच्या मंडपात रात्री जागायच्या पाळ्या लागायच्या ना, तशा आम्ही उत्तराच्या पाळ्या लावल्या आहेत.

गिरगावातल्या छापखान्यात आयुष्यभर मुद्रितशोधन केलेले एक काका आमच्याकडे आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मला कोड येत नाही. मी इथे चालेन का?" त्या दिवशी पाळी होती परळच्या एका विद्यार्थिनीची. तिने लिहिलं, "काका, पानावर चुकलेलं काय दिसतं, तेवढंच सांगा." पहिल्याच आठवड्यात काकांनी दाखवून दिलं, की एका फॉन्टमध्ये 'दुसऱ्या' बरोबर उमटतो, पण 'गुऱ्हाळ' आणि 'तऱ्हा' यांतला 'ऱ्ह' तुटतो. त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नसतं, तर काका परत आले नसते आणि गुऱ्हाळ तसंच तुटकं राहिलं असतं.

"गट मोठा का करत नाही?" असं मला विचारतात. लालबागच्या राजाची १९३४ पासूनची परंपरा आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची. पण खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळीतला उत्सव तर १८९३ पासून चालू आहे, आणि तो अजूनही साधेपणासाठीच ओळखला जातो. टिकायला गर्दी लागतेच असं नाही. पुढची पाळी कुणाची, हे मात्र माहीत असावं लागतं.

आता आपल्याबद्दल. या संमेलनासाठी आपण केलेला व्हॉट्सॲप ग्रुप तीन महिने छान चालला, कारण त्याला काम होतं: हॉल, वर्गणी, सरांचे पत्ते शोधणं. उद्यापासून काम नसेल, तर दिवाळीपर्यंत तिथे फक्त फुलांचे फोटो उरतील. माझी सूचना अशी: गप्पांसाठी हा ग्रुप राहू दे, आणि शेजारी दुसरा छोटा ग्रुप करू, फक्त शाळेच्या कामासाठी. शाळेतल्या कॉम्प्युटरवर मुलांना मराठी नीट टाइप करता येतं का, हे तपासणं हे त्याचं पहिलं काम. माझं नाव मी आत्ताच देते. आणखी चार जण पुरेत.

आणि बाई, एक विनंती तुम्हालाही. आमच्या गटाला तुमच्या नजरेची गरज आहे. आठवड्याला एक तास. कोड यायला लागत नाही. आमच्या वह्यांवर चालवलेलं ते लाल पेन तेवढं बाहेर काढा. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी मिळेल, हा माझा शब्द.