पॉइन्सेटियाची पाने पुन्हा लाल कशी होतील?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"बागेविषयी काहीतरी सांगा," अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आपल्यापैकी बहुतेकींची बाग म्हणजे खिडकीची जाळी, नाहीतर हातभर गॅलरी. तेव्हा मोठ्या बागेच्या गोष्टी बाजूला ठेवून मी एकाच कुंडीविषयी बोलणार आहे. नाताळच्या सुमारास रोपवाटिकांतून लाल पानांची जी झाडे विकायला येतात, त्या पॉइन्सेटियाची ही कुंडी.

डिसेंबरात हे झाड हौसेने घरी येते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत लाल पाने गळतात, आणि पुष्कळ घरांतून झाडाची रवानगी कचऱ्यात होते. ज्या ते ठेवतात त्यांची तक्रार वेगळी. "झाड हिरवेगार आहे हो, पण लाल काही होत नाही!" मग खत घालून होते, जागा बदलून होते. मैत्रिणींनो, या झाडाला जे हवे आहे ते दुकानात मिळत नाही. त्याला हवा आहे काळोख.

आपण ज्यांना लाल फूल म्हणतो त्या पाकळ्या नव्हेत, पानेच आहेत. खरी फुले मधोमध असतात, पिवळट आणि अगदी बारीक. झाड फुलावर आले म्हणजे शेंड्याकडची पाने रंग धरतात. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. जोएल पॉइन्सेट हे १८२५ ते १८२९ या काळात तेथे अमेरिकेचे वकील होते. त्यांनी ते आपल्या देशी नेले, आणि त्यांचेच नाव झाडाला चिकटले.

फुलण्याची वेळ झाडाला कळते कशी? १९२० साली अमेरिकेच्या शेतीखात्यातील गार्नर व अ‍ॅलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, कित्येक झाडे दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ओळखतात. पुढे असे आढळले की, या जातीची झाडे खरे पाहता रात्र मोजतात, आणि ती रात्र अखंड असावी लागते. आपली शेवंती याच स्वभावाची. फूल लांबणीवर टाकायचे असले म्हणजे शेवंतीचे बागाईतदार रात्री मळ्यात दिवे लावतात, ते याचसाठी.

आपल्या पुण्यात सप्टेंबरच्या अखेरीपासून रात्र दिवसाहून मोठी होत जाते आणि डिसेंबरात सुमारे १३ तासांची होते. म्हणून बंगल्याच्या अंगणातला पॉइन्सेटिया, जवळ दिवा नसेल तर, आपोआप लाल होतो. आपल्या घरात मात्र अकरापर्यंत दिवे असतात, आणि ते मालवले तरी रस्त्यावरचा दिवा खिडकीतून आत येतो. झाडाची रात्र होतच नाही.

माझ्याकडचे झाड आमच्या शेजारच्या मावशींचे. त्या गोव्याच्या. वय झाल्यावर बिऱ्हाड मोडून भावाकडे म्हापशाला निघाल्या, तेव्हा ही कुंडी माझ्या हाती देऊन म्हणाल्या, "बाय, फेकू नको हां हे. नाताळाला तांबडे झाले की कळव मला." मी हो म्हटले खरे, पण आमच्या दोन खोल्या. एकीत मुलीचा परीक्षेचा अभ्यास, दुसरीत सासूबाईंचे दुखणे. त्यांच्या उशाशी रात्रभर दिवा लागे. झाडासाठी आजारी माणसाचा दिवा मालवायचा का? तेव्हा घरात काळोख करण्याऐवजी झाडापुरता काळोख केला. वाण्याकडून एक मोठे पुठ्ठ्याचे खोके आणले आणि रोज संध्याकाळी कुंडीवर पालथे घातले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावशींना फोटो गेला!

आता वर्षाची कामे क्रमाने सांगते.

लाल पाने गळली की पाणी कमी करावे. एप्रिलच्या सुमारास फांद्या चार ते सहा इंच ठेवून छाटाव्या. कापताना पांढरा चीक निघतो. तो कातडीला झोंबतो, डोळ्यांत तर जाऊच देऊ नये. हात लगेच धुवावे, आणि कुंडी लहान मुलांपासून दूर ठेवावी. जूनमध्ये थोड्या मोठ्या कुंडीत, पाण्याचा निचरा होईल अशा मातीत झाड लावावे. ते वाढू लागले की बेताने खत द्यावे. शेंडे खुडले म्हणजे फांद्या फुटतात, पण ऑगस्टनंतर खुडू नये. विकतचे झाड औषधाने ठेंगणे राखलेले असते. दुसऱ्या वर्षी ते उंच झाले तर घाबरू नये.

१ ऑक्टोबरपासून खरे व्रत सुरू. संध्याकाळी सहाला खोके घालावे, सकाळी आठला काढावे. असे आठ ते दहा आठवडे. खोके पानांना न टेकेल एवढे मोठे असावे. भोके असतील तर वरून काळे कापड टाकावे. मध्येच दिवा लावून "रंग आला का?" म्हणून पाहू नये. दिवसा मात्र कुंडी भरपूर उजेडात ठेवावी, कारण नुसत्या काळोखावर झाड जगत नाही. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, बशीत साचू देऊ नये. रात्री फार उकाडा असला तर रंग उशिरा येतो, म्हणून खोके चुलीजवळ किंवा फ्रिजच्या मागे नको. पाने चांगली रंगली की खोक्याची गरज संपली.

अडचण येते ती दिवाळीची. नेमक्या याच दिवसांत गॅलरीत आकाशकंदील रात्रभर जळतो, आणि आपण चार दिवस माहेरी किंवा गावी जातो. कंदिलाला खोक्याचा उपाय आहेच. गावी जाण्यावर मात्र एकच उपाय मला ठाऊक आहे, तो म्हणजे शेजारीण. म्हणून माझी सूचना अशी की, दोघी-दोघींनी जोडी करावी. एक गावी गेली की दुसरीने संध्याकाळी खोके घालावे, सकाळी काढावे. दोन मिनिटांचे काम, पण चुकवून चालत नाही.

ज्यांना जोडीदारीण हवी असेल त्यांनी सप्टेंबरच्या सभेत चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. खोकी वाण्याकडे आतापासून सांगून ठेवावीत, दिवाळीच्या तोंडावर ती मिळत नाहीत.