'आपण' जिंकलो, 'ते' हरले



या मालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'ऑलिंपिकमधले भारतीय पथक' असे सांगितले. ऐकणारे गृहस्थ क्षणभर घुटमळले. काल या व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, उद्या अर्थकारण व्हायचे आहे, मग त्या दोहोंच्या मध्ये ही कुस्ती आणि हॉकी कुठून आली, असे त्यांच्या चेहऱ्यावर उमटले होते. परंतु २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच गृहस्थांनी आम्हांस भर रस्त्यात थांबवून सांगितले होते, "आपल्याला नेमबाजीत पदक मिळालं!" आमचा आजचा विषय खरे म्हणजे त्यांच्या त्या 'आपल्याला' या शब्दाचा आहे.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. खेळाच्या बाबतीत मात्र आपण निराळीच सोय करून ठेवली आहे. जिंकले तर 'आपण जिंकलो', हरले तर 'ते हरले'. हा 'आपण' कोणी कमावला आणि कोणाला फुकट मिळाला हे तपासायचे, तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकइतके चांगले उदाहरण आम्हांस दिसत नाही. तेव्हा थोडा वेळ फिनलंडला जाऊ.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच वर्षे होत आली होती. भारताचे साठांहून अधिक खेळाडू हेलसिंकीला गेले. त्यांत चार स्त्रिया होत्या. नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा धावण्याच्या शर्यतींसाठी, तर डॉली नाझीर आणि आरती साहा पोहण्यासाठी. आरती साहा होती अकरा वर्षांची. त्या वयात आपण मुलीला एकटीने नदीवर पाठवीत नाही! याच मुलीने पुढे १९५९ साली इंग्लंडची खाडी पोहून पार केली. असो.

हॉकीविषयी फार बोलायला नको, कारण ती कथा सर्वांस पाठ आहे. ऑस्ट्रियावर ४-०, ब्रिटनवर ३-१ आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर ६-१. कर्णधार होते के. डी. सिंग 'बाबू'. अंतिम सामन्यातील सहांपैकी पाच गोल एकट्या बलबीरसिंगांचे. ऑलिंपिकचे हे पाचवे सुवर्णपदक, आणि ते घेताना देश नि:शंकपणे 'आपण' म्हणाला.

फुटबॉलची गोष्ट उलटी. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारा आपला संघ हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. संघातले बरेच जण अनवाणी खेळत. आपल्याकडच्या कोरड्या मैदानावर ते खपून जाई. फिनलंडच्या थंडीत आणि ओल्या हिरवळीवर बूटवाल्यांपुढे निभाव लागेना. अर्थात या वेळी 'ते' हरले! पण एक गोष्ट बरी झाली. पराभव इतका ढळढळीत होता की तो झाकता येईना. पुढे संघाच्या पायांत बूट आले आणि १९५६ साली मेलबर्नला हाच देश चौथा आला. तेथे यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरविले आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी त्या सामन्यात तीन गोल केले. दहा गोल खाल्ले, पण त्यांतून काही शिकलो.

आता कुस्ती. हॉकीच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, २३ जुलैला, ५७ किलो वजनाच्या गटात खाशाबा दादासाहेब जाधव यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. या पदकाच्या वेळी 'आपण' कोण होते, ते पाहा.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली ते लंडनला गेले आणि सहावे आले. तोवर त्यांचे अंग मातीत घुसळलेले. गादीची कुस्ती हा निराळाच कारभार आहे. हौद्यात पाठ लागली की निकाल, मग त्याला पाच मिनिटे लागोत की तासभर. गादीवर घड्याळ असते, पंचांचा कौल असतो, आणि चीत न करताही माणूस जिंकतो. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. लंडनचा हा धडा खाशाबांनी चार वर्षे मनात धरला.

हेलसिंकीला जायचे तर पैसा हवा. सरकारकडून जे आले ते पुरेना. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. सभ्य गृहस्थहो, १९५२ साली सात हजार रुपये म्हणजे काय, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस सांगायला नको. आणि तेही दुसऱ्याच्या मुलाच्या कुस्तीसाठी, परतफेडीची कोणतीही हमी नसताना! आम्ही स्वत: प्राध्यापकांच्या घरात वाढलो आहोत, घराचे कागद बाहेर काढताना त्या घरातल्या माणसांना काय वाटले असेल, याचाच विचार आमच्या मनात अधिक येतो.

हेलसिंकीत जपानचे इशी आणि सोव्हिएत संघाचे मामेदबेकोव्ह या दोघांपुढे खाशाबा हरले. सुवर्ण आणि रौप्य त्या दोघांनाच मिळाले. एका लांबलेल्या कुस्तीनंतर पुरती विश्रांती न देताच त्यांना पुढच्या कुस्तीला उतरविले, आणि नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. तसे असेल तर पथकातला हा माणूस त्या घटकेला पथकाविनाच उभा होता. त्याच स्पर्धेत ६२ किलोच्या गटात केशव माणगावे चौथे आले. त्यांचे नाव या सभागृहात किती जणांनी ऐकले आहे, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

परत आल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले आणि त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. देशाचे पदक आणणाऱ्याने देशाकडून नव्हे, तर फडातून ते कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. उत्तरायुष्यात पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले आणि १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

म्हणजे हॉकीत 'आपण' होतो, फुटबॉलमध्ये 'ते' होते, आणि कुस्तीत होते गोळेश्वर, काही कोल्हापूरकर आणि एक प्राचार्य. पराभवापासून आपण बूट घालायला शिकलो. या पदकापासून मात्र काहीच शिकलो नाही. गाद्या आल्या नाहीत, तालमी मातीतच राहिल्या. कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक २००८ साली सुशीलकुमारांनी आणले. मध्ये छप्पन्न वर्षे गेली. माती वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आम्ही स्वत: तिच्यात लोळलो आहोत. पण परीक्षा एका भाषेत आणि अभ्यास दुसऱ्या भाषेत, असे किती दिवस चालणार?

पॅरिसचे थोडेसे सांगतो. २०२४ साली तेथे ११७ खेळाडू गेले. सहा पदके मिळाली, सुवर्ण एकही नाही. सहा ठिकाणी आपण चौथे आलो. विनेश फोगट अंतिम फेरीत पोहोचल्या आणि शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने बाद झाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला स्वप्नील कुसाळे यांचे कांस्यपदक आले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी मराठी माणसाचे हे दुसरे वैयक्तिक पदक, आणि तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीचे. सरकारी मदत आता पूर्वीपेक्षा पुष्कळ मिळते, ती आपल्या करांतून जाते, म्हणून 'आपण' म्हणण्याचा आपला हक्क थोडा वाढला आहे, हे आम्ही मान्य करतो. पण सुरुवातीच्या वर्षांत काडतुसांसाठी स्वप्नीलच्या वडिलांनी कर्ज काढले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. आधी प्राचार्यांचे घर, मग शिक्षक वडिलांचे कर्ज. बँक बदलली असेल, एवढेच.

आमच्या लहानपणीच्या तालमीत गादी आली ती आम्ही नोकरीला लागल्यानंतर. एका संस्थेने ती देणगी म्हणून दिली, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. आमचे वस्ताद तेव्हा सत्तरीला टेकलेले. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, गादीच्या कडेला उभे राहून अंगठ्याने ती दोनदा दाबून पाहिली, आणि आमच्याकडे वळून विचारले, "होय रे, हिच्यावर पडलं तर लागत नाही म्हणतात. मग पोरगं उठायला कसं शिकणार?" आम्ही त्यांना खाशाबांची लंडनची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग धोतराचा काचा मारून गादीवर उतरले आणि म्हणाले, "ये, दाखव पाय कसा सरकतो ते."