जपानी भांड्यांची पारख

बंगळूरच्या चिकपेट भागात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथे ‘जुनी जपानी’ म्हणून एखादी कपबशी पुढे केली गेली, तर नव्या संग्राहकाने प्रथम ती उलटी करून पाहावी. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव येऊ लागले. ‘निप्पॉन’ हा शिक्का साधारणतः १८९१ ते १९२१ या काळातील होय. ‘जपान’ हा बहुधा त्यानंतरचा. मात्र शिक्क्याची नक्कल होऊ शकते. उलटपक्षी, शिक्का नाही एवढ्यावरून भांडे टाकूनही देऊ नये. आरिता येथील सतराव्या शतकातील भांड्यांवर देशाचे नाव नसे. म्हणून इतर खुणाही तपासाव्यात. तळाची बिनझिलईची कड वापराने गुळगुळीत झाली आहे काय, ते बोटाने चाचपावे. नक्षी भिंगातून न्याहाळावी. बारीक ठिपक्यांची जाळी दिसल्यास ती छापील समजावी. कडेवर हलकेच टिचकी मारावी. आवाज बद्द आल्यास तडा असण्याचा संभव असतो. विक्रेत्याची हकीकत आदराने ऐकावी, परंतु किंमत भांडे पाहूनच ठरवावी. शंका उरल्यास ते परत ठेवावे. बाजार पुढच्या रविवारीही भरणार असतो.