लॅपटॉपला आवाजाची डबी घेताना



तळोदा, शहादा, अक्कलकुवा, धडगाव, सगळीकडच्या गटांकडून आम्हाला सध्या एकच प्रश्न येतोय. गटाकडे लॅपटॉप आहे. कुणाच्या तरी घरी होम थिएटरचा संच आहे. आता गाणी आणि मुलाखती रेकॉर्ड करायला, आणि गावात सगळ्यांना ऐकवायला, बाहेरून जोडायची डबी कोणती घ्यावी? या डबीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दुकानात कुणी साउंड कार्डही म्हणतं. पैसे गटाच्या बचतीतले, त्यामुळे आज जरा निवांत बोलू.

आधी हे ऐका. फक्त होम थिएटरसाठी डबी घ्यायची गरज नाही. लॅपटॉपला हेडफोनचं बारीक भोक असतं. तिथून होम थिएटरच्या मागच्या लाल-पांढऱ्या भोकांपर्यंत जाणारी वायर कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी अशा दोन पिना. गावच्या बैठकीत माहितीपट दाखवायला, रेकॉर्ड केलेलं ऐकवायला एवढं पुरतं. ब्लूटूथनंही चालतं, पण चित्रातल्या बाईचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. म्हणून वायरच बरी.

दुकानदार म्हणेल, तुमचा संच पाच स्पीकरचा, त्याला तशीच डबी लागेल. एक लक्षात ठेवा, माईकसाठी असलेल्या लहान डब्यांमधून बहुधा डावा आणि उजवा असे दोनच आवाज बाहेर येतात. पाचही स्पीकरमधून वेगवेगळा आवाज हवा असेल तर तो एचडीएमआयच्या वायरीनं मिळतो. तोही संचाला तसं भोक असेल आणि सिनेमात तसा आवाज भरलेला असेल तरच. आपल्या जात्यावरच्या ओव्या पाच दिशांनी ऐकून काय करायचंय?

पैसे घालायचे ते आवाज आत घेण्याच्या बाजूला. कारण सांगतो. माईकमधून येणारा प्रवाह फार अशक्त असतो. तो शेकडो पट वाढवावा लागतो. लॅपटॉपच्या आत हे काम करणारा भाग साधा असतो आणि तो पंखा, बॅटरी यांच्या शेजारी बसलेला असतो. म्हणून आवाजाबरोबर सूंऽऽ असा आवाज येतो. बाहेरची डबी माईकचा आवाज स्वच्छ वाढवते, सेकंदाला ४८ हजार वेळा मोजते आणि आकडे करून यूएसबीच्या वायरीतून लॅपटॉपला देते. तिचं काम एवढंच.

आणि हे काम आपल्याकडे महत्त्वाचं का? सरदार सरोवरानं आपल्या जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. मणिबेलीपासून वर नर्मदेच्या काठाकाठानं. त्यातली बरीच माणसं आज तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत राहतात. तिथल्या म्हाताऱ्या बायांच्या गाण्यांत जुन्या गावातली जागा येते, एखादा नाला, एखादं झाड येतं. जागा पाण्याखाली गेली, नाव गाण्यात राहिलं. भिली, पावरी, मावचीतली ही गाणी बहुतेक कुठे लिहिलेली नाहीत. ऐंशीच्या घरातली आजी दोन तास बसून गाते. तिला पुढच्या वर्षी पुन्हा बसवू असं म्हणता येत नाही. शब्दच कळला नाही तर ते रेकॉर्डिंग असून नसल्यासारखं.

बायांनी हे करावं का, जमेल का, असं अजून कुणी विचारतं. तेलंगणात झहीराबादजवळच्या माचनूर गावात संघम रेडिओ आहे. ग्रामीण दलित बायांनी तो २००८ साली सुरू केला, रेकॉर्डिंगही त्याच करतात. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. तेव्हा या प्रश्नाला आम्ही आता उत्तर देत नाही.

आता डबी. पहिला प्रश्न, माईक किती जोडायचे? आमचं मत स्पष्ट आहे, दोन. लग्नात आपल्या बाया दोन बाजूंना उभ्या राहून गातात, एक बाजू म्हणते, दुसरी झेलते. मुलाखतीतही एक विचारते, एक सांगते. एकच माईक मधे ठेवला की हळू बोलणारी नेहमी मागे पडते, आणि बहुधा तीच म्हातारी असते. बेहरिंगरच्या यूएमसी २२ ला माईकचं एकच भोक आहे, दुसरं गिटारसारख्या वाद्याचं. त्याच कंपनीच्या यूएमसी २०२ एचडीला माईकची दोन आहेत. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोला माईक एक, स्कार्लेट २आय२ ला दोन. डब्या बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून भोकं मोजा, आणि कोणतं भोक कशाचं तेही विचारा. बेहरिंगरचीच यूसीए २२२ नावाची छोटी लाल डबी स्वस्त आहे, पण ती माईकसाठी नाही, माईकचा आवाज ती वाढवत नाही. घरात जुन्या कॅसेटी असतील तर मात्र टेपरेकॉर्डर जोडून त्या लॅपटॉपमध्ये उतरवायला ती चांगली.

दुसरा प्रश्न, माईक कोणता? मंडपवाल्याकडे आहुजाचा हातात धरायचा माईक असतो ना, तो पुष्कळ आहे. त्याला वेगळी वीज लागत नाही. दुसऱ्या जातीचा कंडेन्सर माईक असतो, त्याला डबीतून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. तो बारीक आवाज छान टिपतो, पण कोंबडी, पिठाची गिरणी, पत्र्यावरचा पाऊस, सगळंच टिपतो. आपल्या घरांत साधा माईक तोंडापासून चार बोटांवर धरलेला बरा.

इथे एक खुबी आहे, ती दुकानात सहसा कुणी सांगत नाही. मंडपवाल्याच्या माईकची वायर बहुतेक वेळा एका टोकाला जाड जॅक पिनची असते. ती डबीत बसते, पण त्या मधल्या गोल भोकाला डबी वाद्याचं किंवा दुसऱ्या यंत्राचं भोक समजते, माईकचं नाही. मग आवाज पुरेसा वाढत नाही आणि सगळे डबीला नावं ठेवतात. माईकसाठी दोन्ही टोकांना तीन काड्यांची पिन असलेली वायर घ्या. दोन माईक, दोन वायरी, हा खर्च ठरावातच धरा.

डबीच्या खोक्यावर मोठमोठे आकडे असतात, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. त्यांना भुलू नका. माणसाच्या कानाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, एफएम रेडिओवर तर १५ हजारांपर्यंतच जातं. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर दोन माईकचं तासाचं रेकॉर्डिंग सुमारे एक जीबी होतं. १९२ वर तेच चार जीबीच्या वर जातं, आणि जुना लॅपटॉप अडखळतो.

खरेदीला नंदुरबारला जा, सुरतेला जा, पण लॅपटॉप आणि माईक बरोबर न्या. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवा. दुकानात डबी जोडा, हेडफोन लावा, दहा सेकंद कुणी बोलू नका आणि ते रेकॉर्ड करून ऐका. मग चार्जर लावून पुन्हा ऐका. चार्जर लावल्यावर घरघर वाढली तर गावात, जिथे अर्थिंग धड नसतं, तिथे ती आणखी वाढेल. त्यावर उपाय सोपा, बॅटरी भरून घ्यायची आणि रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढून ठेवायचा. आपल्याकडे वीज जातेच, तेव्हा ही सवय कामाचीच आहे. बिल गटाच्या नावानं घ्या, वॉरंटीचा कागद ठरावाच्या वहीला लावा.

घरी बसून करायचं तर होम थिएटर बंद ठेवा, नाहीतर त्याचा आवाज माईकमध्ये शिरून कर्कश शिट्टी बसते. ऐकायचं ते हेडफोनवर. डबीवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते चालू केलं की गाणारीला स्वतःचा आवाज उशिरा येत नाही. आवाजाची चावी गाण्यातला सगळ्यात वरचा सूर लागेल त्या हिशेबानं लावा. लाल दिवा लागला की चावी जरा मागे. एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

काठीच्या होळीला मात्र हा सगळा संसार नेऊ नका. धूळ, गर्दी, आणि ते मोठे ढोल! तिथे मोबाइल घेऊन ढोलापासून लांब उभं राहिलेलं चांगलं. डबी आणि लॅपटॉप ओसरीवरच्या कामासाठी.

गाणं रेकॉर्ड झालं की आजीची परवानगी विचारा, रेडिओवर लावायचं का आणि नाव सांगायचं का. तिचं गाव, गाण्याची भाषा आणि तारीख फाइलच्या नावातच लिहा. एक प्रत पेनड्राइव्हवर, ती दुसऱ्या घरी. मग लाल-पांढरी वायर लावून होम थिएटरवर तिला ऐकवा. ऐकता ऐकता ती म्हणेल, "मधलं एक राहिलं गं." तेव्हा डबी पिशवीत भरलेली नसावी.